बुधवारचा जन्म

आखातात, अल कुसैसला माझ्या खानावळीत घानाचा एक प्रोफेसर रोज चहाला यायचा. अकान भाषेचा अभ्यासक. त्यांच्यात जन्मवारावरून नाव ठेवतात, म्हणून भेटेल त्याला वार विचारायचा. मी छाती काढून सांगितलं, "आमच्यातपण! मी बुधा, बुधवारचा." त्यानं माझ्यावर दोन पानं लिहिली. त्या लेखावर त्याची तिकडच्या युनिव्हर्सिटीतली नोकरी ठरणार होती. मी हौसेनं गावी कळवलं, तर भावाचं उत्तर आलं: तू शनिवारचा, नाव आजोबांचं.

प्रोफेसरला सांगितलं. त्यानं पाठवायला तयार ठेवलेलं लेखाचं बंद पाकीट फाडलं.

"राहू द्या हो, कोण बघायला येतंय?"

"चाचा, खोटं कसं पाठवू?"

पुन्हा लिहिण्यात मुदत गेली. नोकरी दुसऱ्याला मिळाली. त्या दिवशीही चहाला आला, वही उघडून म्हणाला, "शनिवारी जन्मलेल्याला तुमच्यात काय म्हणतात?"

मी म्हटलं, "गावी विचारून सांगतो."