मामीसाठी गुरू

माझ्या औंधच्या मामांनी बुवा-महाराजांचा जितका कसून तपास केला, तितका एखाद्या फौजदाराने चोरांचाही केला नसेल. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाला स्वतःसाठी गुरू नको होता, मामीसाठी हवा होता. दम्याने खंगलेल्या मामीला डोळे मिटण्याआधी अनुग्रह घ्यायचा होता, आणि मामांनी यमाईच्या देवळाच्या पायरीवर तिला शब्द दिला होता की आणीन तर खराच आणीन. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मामा जे बाहेर पडले, ते पाच वर्षं मठामागून मठ पालथा घालत राहिले.

दर्शनाच्या रांगेत ते कधी उभे राहत नसत. थेट मागच्या दारी जाऊन पंगतीतल्या उष्ट्या पत्रावळ्या उचलू लागत आणि भांडी घासणाऱ्या बायकांना हळूच विचारत, महाराजांचं ताट यायला उशीर झाला तर काय होतं? सांगलीकडच्या एका महाराजांच्या मोटारीचा, तसबिरींचा आणि भक्तांच्या गर्दीचा एवढा बोलबाला होता की मामीने जायला गाठोडंच बांधलं होतं. दोन दिवस पत्रावळ्या उचलून मामा परतले आणि त्यांनी ते गाठोडं सोडायला लावलं. सप्ताहाच्या पत्रिकेत आपलं नाव दुसऱ्या बुवांच्या खाली छापलं म्हणून महाराज रुसून जेवलेच नव्हते म्हणे. "छापल्याल्या नावात ज्याचा जीव अडकलाय, त्यो हिला काय देणार?" मामी तीन दिवस अबोला धरून बसली. मलाही मामांचा भयंकर राग आला. बाई इथे धापा टाकते आहे आणि यांची तपासणी काही संपत नाही.

शेवटी माण तालुक्यातल्या एका वस्तीवर, विहिरीतून पाणी शेंदून लोकांच्या शेळ्यामेंढ्यांना पाजणारे एक म्हातारे त्यांना सापडले. मामांनी अनुग्रहाचं काढताच, आपल्याकडे द्यायला काही नाही, असं सांगून ते पुन्हा पाणी शेंदू लागले. मामांची खात्रीच पटली. दर गुरुवारी एसटीने जाऊन ते तिथे पाणी शेंदत. म्हातारे नको म्हणत, आणि मामा पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर होत. मामीने अंथरूण धरल्याचं कळलं, तेव्हा मात्र म्हातारे आपणहून औंधला आले.

मामीच्या उशाशी बसून त्यांनी विचारलं, रोज कुणाचं नाव घेता? मामी म्हणाली, यमाईचं.

"मग त्येच घ्या, बाई. त्यात मी काय घालू?"

एवढं बोलून, तांब्याभर ताक पिऊन ते चालू लागले. मामा रिकामा तांब्या उचलायला वाकले. एवढं तर मीच सांगितलं असतं, असं पुटपुटले. मामी बऱ्याच दिवसांनी हसली.

"आवं, तुमी हुडकत हुता, म्हनून तर मी थांबले हुते."

पंधरा दिवसांत ती गेली, अगदी शांतपणे. मी मामांची समजूत काढायला गेलो. म्हटलं, उशिरा का होईना, तुम्ही शब्द पाळलात.

मामा तिच्या रिकाम्या खाटेवरच्या वाकळीची घडी घालत होते.

"उशिरा कुठं रं," ते म्हणाले, "लय लवकर सापडला त्यो."