वधूपक्षाच्या खोलीतला काटा

ट्रायलच्या काट्यावर सानिका उभी राहिली आणि आकडा आला, एक्कावन्न किलो सहाशे. मी हातातला फॉर्म बघितला. त्यावर माझ्याच अक्षरात 'बावन्न ते सत्तावन्न' असा गट लिहिलेला होता. मी काट्यावर हलकेच चापट मारली. काट्याने आकडा बदलला नाही.

चूक सरळ होती. एन्ट्री भरताना मुलांची पुन्हा वजनं घ्यायचा मला कंटाळा आला. हॉलमधल्या तक्त्यावर पहिलाच रकाना जूनच्या वजनाचा होता, पुढचे न बघता तोच मी उतरवला. जूनमध्ये सानिका छप्पन किलोंची होती. आता सप्टेंबर होता.

मी शाळेत पीटीचा मास्तर. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या शाळेत ज्युदो शिकवतो. ज्युदो म्हणजे कपडे धरून खेळायची कुस्ती, एवढं सांगितलं की आमच्या भागात कुणाला जास्त सांगावं लागत नाही. त्यात वजनगट असतात. बावन्न ते सत्तावन्नच्या गटात खेळायचं तर बावन्नच्या वर भरलं पाहिजे. कमी भरलं तर बाहेर. खालच्या गटात जावं तर तिथं आमच्याच शाळेच्या दुसऱ्या मुलीचं नाव होतं, आणि एका गटात एका शाळेची एकच मुलगी खेळते.

इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. मुलांची वजनं वरपक्षाच्या खोलीत, मुलींची वधूपक्षाच्या. ट्रायलचा काटा बाहेर व्हरांड्यात. त्याच्यावर कितीही वेळा उभं राहा. आतल्या काट्यावर एकदाच, आणि तेही दहाच्या आत. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

वजनं घेणाऱ्या शेख मॅडमकडे मी गेलो.

"मॅडम, एक मुलगी चारशे ग्रॅमनं कमी भरतेय."

"जास्त म्हणायचंय का सर तुम्हाला?"

"नाही. कमी."

त्यांनी चष्मा वर केला. "जास्तीवाले रोज येतात. ते बघा." पटांगणात दहाबारा पोरं जॅकेट घालून घाम काढत पळत होती. "कमीवाले तुम्ही पहिलेच. दहापर्यंत भरलं तर आणा."

सानिकाचे वडील बापूराव काटेवाडीचे. ऊस, चार गाई, थोडी मेथी-कोथिंबीर. त्यांच्याच पिकअपमधून आम्ही आलो होतो, त्यामुळे सगळ्या संघाला मेथीचा वास येत होता. मी त्यांना बाजूला घेऊन चूक सांगितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मान हलवत राहिले.

"सर, तोडलेला ऊस दोन दिस ट्रॉलीत उभा राहिला की कारखान्याच्या काट्यावर कमी भरतोय. ही तर तीन महिनं वाळतीया. म्हातारी रोज माझ्यावर डाफरती, पोरीला खायला घालत न्हाईस म्हणून."

"आज सकाळी काय खाल्लं तिनं?"

"तुमीच तर सांगितलंय, वजन हुईस्तवर नाष्टा करायचा न्हाय."

सांगितलं होतं. ती माझी दुसरी चूक. सगळ्या संघाला एकच सूचना देऊन टाकली होती, कुणाला जास्तीची भीती आहे आणि कुणाला कमीची, हे न बघता.

पण यातच सुटका होती. नाष्टा झाला नव्हता, म्हणजे तो अजून करता येत होता. डबा पिकअपमध्ये होता. आजीनं दिलेल्या दोन भाकरी, पिठलं, दही. वजनाआधी पोटभर जेवायला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही. मी मनातल्या मनात हिशेब केला, दोन भाकरी, वाटीभर दही, वर तांब्याभर पाणी. काम झालं.

आम्ही तिला व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं. तिनं चार घास खाल्ले आणि डबा बंद केला.

"बास."

"अगं, दोन्ही संपव."

"भूक नाही सर."

बापूराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरीबी आसंच. अर्धी भाकरी, की उठली."

पटांगणात पळणारी पोरं हळूहळू डब्याच्या जवळून फेऱ्या मारू लागली होती. सानिका खाली बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, परत वाढलं तर?"

"काय?"

"वजन. तक्त्यावर सगळ्यात जास्त माझं उतरलंय."

तक्ता माझाच. हॉलच्या दारासमोर लावलेला. महिन्याचं वजन, आणि ज्याचं उतरलं त्याच्या नावापुढं हिरवा बाण. सानिकापुढं तीन बाण होते. जूनमध्ये ती आली ती फिट व्हायचंय म्हणून. जिना चढताना दम लागायचा, वर्गात नावं ठेवायचे. मी बाण काढत गेलो आणि शाबासकी देत गेलो. ती डब्यातली भाकरी परत नेतेय हे मला कळलंच नाही. तक्त्यात तो रकाना नव्हता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्पर्धेपेक्षा त्या बंद डब्याची जास्त भीती वाटली. मुलगी आज न खेळता परत गेली असती तर पुढच्या वर्षी खेळली असती. पण खायलाच घाबरायला लागली तर मी तिला काय शिकवलं?

मी पायरीवर तिच्याशेजारी बसलो. बसताना गुडघे वाजले.

"जूनमध्ये ग्राउंडच्या किती फेऱ्या व्हायच्या तुझ्या?"

"एक. तीपण निम्मी चालत."

"आता?"

"सहा."

"त्या सहा फेऱ्या तक्त्यावर कुठं आहेत?"

तिनं विचार केला. "नाहीत."

"ती माझी चूक. मी पंधराव्या वर्षी ज्युदो लावला, तुझ्यासारखाच, फिट व्हायला. वर्षभरात एक किलोसुद्धा उतरलं नाही. पण रस्सा चढायला लागलो. आमच्या सरांकडं काटाच नव्हता, म्हणून वाचलो मी. तो असता तर पहिल्याच महिन्यात पळून गेलो असतो."

"आता चढता रस्सा?"

"आता विषय तुझा चाललाय."

ती जराशी हसली. बापूरावांनी डबा उघडला आणि भाकरी मोडून तिच्यापुढं धरली. "खा बाय. आजीनं पाटंपाटं उठून थापल्यात. काट्याचं काय, मी दरसाल उभा ऱ्हातोय कारखान्यावर ट्रॉली घिऊन. भरलं तर भरलं, न्हाय तर न्हाय. तू उपाशी ऱ्हाऊ नगंस."

तिनं भाकरी घेतली. सावकाश खाल्ली, पण खाल्ली. दुसरी अर्धी झाली तेव्हा स्वतःच म्हणाली, "दही कुठंय?" मी घड्याळ बघायचं बंद केलं होतं. पळणाऱ्यांतला एक जण थांबून नुसता बघत उभा राहिला, त्याला त्याच्या सरांनी हाकललं.

दहाला सात मिनिटं असताना ती पाणी पिऊन वधूपक्षाच्या खोलीत गेली. दार लागलं. बाहेर लाल मखमलीची एक खुर्ची होती, तिच्यावर बापूराव बसले, टोपी गुडघ्यावर. शेजारून जाणारा एक मास्तर म्हणाला, "काय पाव्हणं, मुलगी पसंत पडली का?"

"थांबा जरा," बापूराव म्हणाले, "आत बोलणी चालल्यात."

आतून शेख मॅडमचा आवाज आला. "बावन्न किलो तीनशे. चला, पुढची."

पहिली बाउट सानिकानं जिंकली. समोरचीला खाली पाडून वीस सेकंद दाबून धरलं. दुसरीत अर्ध्या मिनिटात स्वतः पाठीवर गेली. पडली मात्र शिकवल्याप्रमाणे, मॅटवर हात आपटून, डोकं उचलून. उठली, वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली ती, "डब्यात काही राहिलंय का" विचारत. परतीच्या वाटेवर तिनं दोन वडापाव खाल्ले. पिकअपच्या आरशातून बापूराव ते बघत होते आणि गाडी फार हळू चालवत होते.

या नोकरीत मला एवढं समजलंय. फॉर्म भरायच्या दिवशी वजन घ्यावं. आणि मुलांच्या अंगात काय आलं ते काट्याला विचारू नये, त्याला फक्त किलो कळतात. सोमवारी मी तो तक्ता भिंतीवरून काढून टाकला. आता तिथं फेऱ्या, रस्सा आणि सूर्यनमस्कार लिहितो. आजी आता बापूरावांवर दुसऱ्या कारणासाठी डाफरते म्हणे, दळण पुरत नाही म्हणून.

काढलेला तक्ता मी गुंडाळी करून घरी आणला. रात्रीच्या जेवणाला बायकोला सगळी हकिकत सांगितली, जरा रंगवूनच. तिनं तक्ता उलगडला आणि वरपासून खालपर्यंत, तीसच्या तीस नावं, नीट वाचला. मग माझ्या ताटाकडं बघितलं. मी तिसरी भाकरी घेतली होती.

"सगळ्यांची वजनं आहेत," ती म्हणाली. "तुमचं नाव कुठं दिसत नाही."