रुपीबाईच्या दारचा ढावलो

ढाणकीजवळच्या तांड्यावरचा धावजी क्लॅरनेटवर ढावलो वाजवायचा तेव्हा नवरीच्या आधी तिचा बाप रडायचा. ढावलो म्हणजे सासरी निघालेली पोरगी एकेकाच्या गळ्यात पडून म्हणते ते रडगाणं. तेव्हा उमरखेडपासून पांढरकवड्यापर्यंत लोक आधी त्याच्या बँडला विचारत, मग लग्नाची तारीख धरत. डीजे आला आणि बँड मोडला. ढोलवाला रामसिंग वीटभट्टीवर गेला, धावजी जिनिंगमध्ये. तिथं अकरा वर्षं उडती रुई त्यानं नाकातोंडानं आत घेतली. आता घरून हापशीपर्यंत जायचं तर मधात दोनदा बसावं लागे.

औंदा कोणीतरी वीस वर्षांमागच्या लग्नाची कॅसेट मोबाइलवर टाकली आणि ती गाजली. बँडचा मालक राजकुमार, जो गायचाही, गाडी घेऊन दारात आला.

"धावजीभिया, सतरा लग्नं हायेत. लोक म्हंते, तोच बँड पायजे. तुहा कोट शिवाले टाकला."

"माप कोनाचं देलं?"

"तुहंच. जुनं."

"मंग त्यात मी अन् हंसा दोघंबी मावतो."

त्याची बायको हंसाबाई चुलीपासून म्हणाली, "मले नोका घुसवू त्यात. याइले पायरी चढनं होत नाई, हे काय फुकतीन?"

राजकुमारनं आवाज खाली केला. "फुकाचं कायले? सूर स्पीकरमधून येईन. कॅसेटमधला. तुहाच हाय ना तो? तू निस्ता तोंडाले लावून उभा राय."

हंसाबाई वावरात गेली की धावजी रोज फुंकून पाहत होता. ओळ अर्ध्यात तुटायची. एकच ढावलो पुरा वाजावा, एवढंच त्याला पाहिजे होतं. मग स्पीकर आला असता तरी त्यानं ऐकून घेतलं असतं.

या बँडची एक रीत होती. सीझनचं पहिलं वाजवणं साथीतल्या मेलेल्या माणसाच्या दारात. तिथं माइक नाही, भोंगा नाही; तोंड आणि कातडं, बस. रामसिंग दोन वर्षांमागं गेला होता. त्याच्या बायकोनं, रुपीबाईनं, अंगण सारवून ठेवलं होतं. राजकुमार स्पीकर उतरवू लागला.

"हे काय व्हय?"

"भाभी, धावजीभियाले दम..."

"गाडीत ठेव तेले. डब्यातलं आयकाले मायाजवळ मोबाइल हाय."

धावजीनं क्लॅरनेट तोंडाला लावलं. पहिली ओळ निघाली, अगदी पहिल्यासारखी. शेजारच्या बाया दारात आल्या. दुसरीत सूर कापला. तिसरीत क्लॅरनेट बंद पडलं आणि शिट्टी वाजत राहिली ती त्याच्या छातीतून. तो खाली बसला. खोकला थांबेना.

ढावलो अर्ध्यात टाकत नाहीत. नवरीचा कंठ दाटला तर मैतरीण पुढची ओळ उचलते. रुपीबाई पदर तोंडावर ओढून पुढं आली. धावजीच्या गळ्यात हात टाकून तिनं फाटक्या आवाजात उरलेला ढावलो म्हटला. सोडून चाललेल्या माणसाला धरतात तसं तिनं त्याला धरलं होतं. कोणी तिला आवरलं नाही. राजकुमार गाडीकडं पाहत राहिला.

"जाय आता," डोळे पुसून ती म्हणाली. "उभा राय जाऊन."

"जाऊ नोको म्हनशीन वाटलं मले."

"मी म्हंतलं अस्तं तं आयकलं अस्तं काय?"

धावजीनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते राजकुमारला कळलं नाही. पण तो गाडीत बसला.

पहिलं लग्न केळापूरला होतं. ढगळ कोटात धावजी मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. स्पीकरमधून ढावलो सुरू झाला, नवरीचा बाप रडला, लोकांनी मोबाइल वर धरले. धावजी गाल फुगवत होता, बोटं बरोबर पडत होती. पण कॅसेटमधला धावजी सोळा मोजेपर्यंत श्वासच घेत नव्हता. याला चारवर ढास लागली. लोकांना दिसू नये म्हणून तो घराच्या भिंतीकडं वळला, आणि त्याच्या पाठीमागं सूर न तुटता वाजत राहिला.