गाडी खाली घेतली, पण अक्का काय म्हणेल?

मंडळी, आज सकाळी जळगावहून धुळ्याला गेलो, ते फक्त अक्काला गाडी दाखवायला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. धुळ्यात तिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि गाडीच्या बाबतीत आमच्या घरात तिचाच शब्द शेवटचा.

माझी छोटी गाडी मी नुकतीच थोडी खाली घेतली, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी केली. दिसायला देखणी झाली, पण अक्का फोनवरच म्हणाली होती, "स्प्रिंगा कापल्या असतील तर गाडी दारात आणू नकोस."

उंची कमी करायला काही जण मूळ स्प्रिंगाच कापतात आणि मग गाडी उसळते; मी कापल्या नव्हत्या. आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप नवीन बसवले होते, चाकांची अलाइनमेंटही करून घेतली होती. तरी खात्री करायला स्टेअरिंगवर ती स्वतः बसली, मी शेजारी.

गावाबाहेरच्या वळणावर अचानक म्हैस आडवी आली. अक्काने ब्रेक दाबून गाडी बाजूने काढली. गाडी ना उसळली, ना डोलली.

अक्का हसली. "वळणावर रस्ता धरून चालते. चांगली शे." 'चांगली आहे' हे तिने अहिराणीत सांगितलं, म्हणजे ती खूश होती.

परतताना कॉलनीच्या स्पीडब्रेकरवर मात्र गाडीचं पोट घासलं. आता बोलणी बसणार असं वाटलं. पण तिने गाडी मागे घेतली, तिरकी करून अलगद पार केली आणि म्हणाली, "शिकायला येणाऱ्या बायकांना हे दाखवायला बरं आहे. आठवडाभर गाडी इथेच राहू दे."

अक्काला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. आता जळगावच्या एसटीत बसून हे लिहितोय. तुमची गाडी खाली घेतल्यावर घरातल्या कोणी पळवली?