चिठ्ठीखालचा नंबर

टाइम ऑफिसात हजेरी मांडणाऱ्या अकोल्याकडच्या काकांनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. कारण पुढं मी संशय घेतला तो त्यांच्यावरच.

मी वर्ध्याकडचा, चौथीत शाळा सोडलेला. भिलाईत पोलाद कारखान्याच्या भट्टीचं बांधकाम चालू होतं आणि मला नुकतंच एका टोळीचं मुकादम केलं होतं. आम्हा नव्या मुकादमांना आणि कॉलेजातून आलेल्या शिकाऊ साहेबांना एकत्र बसवून वर्ग घेत. माणूस काम कशासाठी करतो, हा विषय. शिकवणाऱ्या साहेबांनी फळ्यावर शिडी काढली. खाली भाकरी, मग निवारा, मग आपली माणसं, सगळ्यात वर मानसन्मान. मग ते एकेकाला प्रश्न विचारत, शिकाऊ साहेब भराभर उतरवून घेत. मला वाटे, हे एवढं खोदून विचारून राहिले, म्हणजे छाटणीची यादीच बनत असणार.

एक दिवस साहेब म्हणाले, "काम में मन क्यों नहीं लगता, लिखो. नाम मत लिखना."

बहुतेकांनी ‘सब ठीक है’ लिहिलं. मी कसा कोण जाणे खरं लिहून बसलो. आमचा इंजिनीअर माणसाला नावानं नाही, नंबरानं हाक मारतो. आणि खाली सवयीनं माझा टोकन नंबर टाकला. रजा असो की बूट, नंबराशिवाय इथं कागद पुढं सरकत नसे.

चिठ्ठ्या काका गोळा करत होते. माझ्या चिठ्ठीवर ते थांबले, खालची पट्टी फाडली आणि खिशात घातली. तेव्हा मला माझी चूक कळली. इंजिनीअर मागच्याच बाकावर होता. साहेबांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"किसकी है?" इंजिनीअरनं विचारलं.

"नाम नहीं है," साहेब म्हणाले. काका फळा पुसत राहिले.

पण पट्टी ठेवली कशाला? तीन दिवस मी काकांना टाळलं. ते इंजिनीअरशी बोलताना दिसले की मी वाट बदलून जाई. नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू?

चौथ्या दिवशी टोकनच्या खिडकीतून हाक आली, माझ्या नावानं.

"ही पट्टी घे, तूच फाड. मी फाडून फेकली असती तर तुले खरं वाटलं असतं काय?"

"तीन दिवस काहून ठेवली, काका?"

"तू मले पाहून पळून राहिला, देऊ कशी? पुढच्या बारीला नंबर टाकशील तं माझा टाक. मले तसंही आता रिटायर होऊन घरी जायचंच हाय."

पट्टी फाडण्याच्या नादात आभार राहूनच गेले. काका रिटायर झाले, पण घरी जाणं राहिलंच; आता भिलाईतच कॅम्प-१ वस्तीत असतात, पाय साथ देत नाहीत. त्यांना एकदा अकोल्याचं घर पाहायचं आहे. हात धरून मीच नेईन.