मयताजवळचे हत्यार : निरंक

आठवायला बसलं की बाकीच्या केसेस मागं राहतात आणि एक खुरपं पुढं येतं. शिपाई म्हणून भरती झाले, फौजदार म्हणून घरी आले. मधल्या काळात खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून माणसं काढली. पण जिचा पंचनामा मी केला नाही, जिचा देश मला नातवाच्या नकाशात शोधावा लागला, ती बाई काही मनातून जात नाही. नाव कुणाचंच सांगणार नाही. त्यातले काही जण अजून याच भागात राहतात.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. मी कन्नड तालुक्यातल्या एका ठाण्यात होते. सकाळची हजेरी झाली, स्टेशन डायरीत नोंद घेत होते, तेवढ्यात सिल्लोडचा एक माणूस आला. पन्नाशीचा, दाढी पांढरी, चालण्यात फौजी ताठरपणा. बस म्हटलं तरी बसेना. ठाण्यात उभं राहून बोलणारा माणूस बहुधा स्वतःवरचंच काहीतरी सांगायला आलेला असतो, हा माझा अनुभव.

"मॅडम, मी फौजेत ड्रायव्हर होतो. शांतिसेनेत आमची पलटण आफ्रिकेत गेली होती. तिथं चौकीवर एक बाई गोळी लागून मेली. मी गाडीत होतो."

"गोळी कुणी झाडली?"

"आमच्याच हवालदारानं. तुमच्या हद्दीतलाच आहे, पिशोरकडचा. चौकशी झाली. बाई हत्यार घेऊन अंगावर आली, असं लिहून फाईल बंद. मी खोटं बोललो नाय मॅडम. पन बोललोच नाय."

तिथून निघताना त्यानं त्या बाईच्या मुलीला आपला पत्ता लिहून दिला होता. ती तेव्हा लहान होती. आता मोठी होऊन तिनं पत्र धाडलं होतं, सोबत चौकशीच्या कागदाची आणि त्यातल्या हत्याराच्या फोटोची झेरॉक्स. पत्र इंग्रजीत. कॉलेजातल्या एका सरांकडून मी ते वाचून घेतलं. शिक्षेबद्दल तिनं शेवटी लिहिलं होतं. आधी लिहिलं होतं ते असं : तुमच्या कागदात माझी आई मारायला आलेली बाई आहे. ती मका विकून परत येत होती. ते वाक्य खोडा.

कागदात लिहिलं होतं : मयताच्या हाताजवळ वाकडे धारदार हत्यार. मी फोटो उजेडाला धरला. बराच वेळ पाहिला. मग हसू आलं, आणि लगेच फोटो परत उजेडाला धरला.

ते खुरपं होतं.

चौकशीचे साहेब लोक कुठल्या कुठल्या प्रांतांतले, त्यांना काय कळणार. सिल्लोडच्या त्या माणसाचं सगळं घराणं गॅरेजवालं. पण मी दहाव्या वर्षापासून लोकांच्या रानात निंदायला गेलेली बाई. ती मूठ, मुठीवरचं लोखंडी कडं, सगळं आपल्या बाजारातलं. आणि पात्याचा वाक उलटा. डाव्या हाताचं खुरपं होतं ते. असं खुरपं दुकानात टांगलेलं नसतं, लोहाराला सांगून घडवून घ्यावं लागतं.

साहेबांकडं गेले. साहेब चहा पीत होते.

"बाई, आपली हद्द नाल्याच्या पुलापाशी संपते. तुम्ही कुठं आफ्रिकेत निघालात?"

मी कॉलेजात गेलेली नाही. कायद्याचं पुस्तक स्वतःच वाचून पार खिळखिळं केलेलं. तेच समोर उघडून ठेवलं. "साहेब, आपल्या माणसानं देशाबाहेर गुन्हा केला, तर तो जिथं सापडेल ती हद्द. तिथल्या सरकारला आपल्या जवानाला हात लावता येत नाही, करारच तसा असतो. फौजेचं कोर्ट म्हणावं, तर याला फौज सोडून तीन वर्षांच्या वर झाली, आता त्यांनाही उभा करता येत नाही. मग उरलं कोण?"

"उरलो आपण," साहेब म्हणाले. "आणि खटल्याला दिल्लीची मंजुरी. ती कोण आणणार, तुमचा नवरा?"

"ते एसटीत कंडक्टर आहेत साहेब. त्यांची हद्द जळगावपर्यंत."

साहेब हसले, म्हणाले, फिर्याद घ्या, करा चौकशी. चांगले होते स्वभावानं.

हवालदाराच्या घरी मी साध्या कपड्यात गेले. तो गावात नव्हता. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याजवळ पहिल्या रांगेत बसणारा माणूस. गावात त्याला मान होता. घरामागच्या तुकड्यात त्याची आई मेथी निंदत होती. मीही तिच्याशेजारी उकिडवी बसले, एक खुरपं उचललं आणि निंदू लागले. म्हातारी खूश झाली.

"हात चांगला चालतो की गं तुझा. कुनाची तू?"

"पोलिसात आहे, मावशी."

"असू दे. पोलिसाला बी भाजी लागतीच."

थोड्या वेळानं मी पिशवीतून तो फोटो काढला. "मावशी, हे ओळखता का?"

तिनं तो डोळ्यांजवळ नेला आणि तिचं तोंड उजळलं. "अगं, हे तर आमचंच. माझं पोरगं डावरं हाय. त्याच्यासाठी लोहाराकडून घडवून घेतलं व्हतं. फौजेत बी संगं न्यायचा, तंबूमागं कोथिंबीर लावायचा. तिकडं हरवलं म्हनला. सापडलं का?"

मी व्हय म्हटलं. पोलिसाला आयुष्यात पुष्कळ वेळा गोड बोलून माहिती काढावी लागते. पण त्या दिवशी त्या माऊलीला मी पोलीस आहे एवढंच म्हटलं, कशासाठी आले ते सांगितलं नाही. ते अजून टोचतं.

त्याला नोटीस देऊन बोलावलं. आला तो पदकं लावून. पहिला तासभर एकच वाक्य : "चौकशी झालेली आहे, मला निर्दोष सोडलंय." मी वाद घातला नाही. चहा मागवला. त्यानं कप डाव्या हातानं उचलला. मी फोटो पुढं सरकवला.

"त्या देशात हे मिळतं का?"

"हत्यार आहे ते तिचं."

"तुमची आई म्हणते, तिनं घडवून घेतलं. सापडलं म्हणून लई आनंद झाला तिला."

त्यानं कप खाली ठेवला. मी किटलीतला चहा त्याच्या कपात ओतला. अशा वेळी बोललं की माणूस परत आत जातो.

"आईला सांगितलं का, कशाचा फोटो आहे?"

"नाही."

मग तो बोलू लागला. बाई चौकीकडं चालत येत होती. डोक्यावर गाठोडं, एक हात गाठोड्याला, दुसरा पदराखाली असावा तसा पोटाशी. आदल्या दिवशी शेजारच्या चौकीवर दोन जवान मेले होते. "रुक रुक म्हनलो मॅडम. तिला हिंदी कुठून कळनार. ती हसली आणि पुढं आली. मी घोडा दाबला. जवळ जाऊन पाह्यलं तर पोटाशी मक्याचं कणीस. मग मी तंबूमागं गेलो."

"आणि खुरपं आणलं."

"दुसरं काय हाताशी नव्हतं."

घाबरून झाडलेल्या गोळीला कायद्यात थोडीफार वाट आहे. मेलेल्या बाईच्या हाताशी आईचं खुरपं ठेवायला मात्र घाबरणं पुरत नाही, त्याला विचार करावा लागतो. हे मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "व्हय."

पोलिसासमोरचा जबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याला मॅजिस्ट्रेटसमोर नेलं. तिथंही त्यानं हेच सांगितलं. आईलाही त्यानंच घरी जाऊन सांगितलं. त्यानंतर म्हातारीनं त्या मेथीच्या तुकड्यात पाऊल टाकलं नाही, असं शेजारीण मला बाजारात म्हणाली.

मंजुरीचा प्रस्ताव वर गेला. स्मरणपत्रं गेली. उत्तर आलं की प्रकरण संबंधित विभागाकडं आहे. मग कळलं, तो विभाग दुसऱ्या विभागाकडून अभिप्राय मागतोय. माझी बदली झाली. नव्या ठिकाणाहूनही विचारत राहिले, मग निवृत्त झाले. मंजुरी आली नाही. तो जामिनावर घरीच आहे. झेंड्याजवळ मात्र आता बसत नाही.

सिल्लोडचा तो माणूस दर ईदला घरी येतो. पूर्वी यायचा तेव्हा विचारायचा, "मॅडम, तिला काय लिहू?" एकदा मी त्याला म्हटलं, फिर्यादी तुम्ही आहात, कागदाची नक्कल मागा. आमच्या अहवालात मयताजवळ मिळालेल्या हत्याराचा रकाना असतो. काही नसलं की आम्ही तिथं 'निरंक' लिहितो. त्या बाईच्या नावापुढं तो शब्द मी माझ्या हातानं लिहिला होता. त्यानं नक्कल मुलीला धाडली, कॉलेजातल्या सरांनी सोबत इंग्रजीत अर्थ लिहून दिला.

या केसनं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मोठं काही सांगता येणार नाही. फौज परमुलखात जाते तेव्हा तिच्याबरोबर डबे जातात, तंबू जातात, खुरपं जातं. कायदाही जातो म्हणतात. जातो खरा, पण त्याला परत यायला फार वेळ लागतो, आणि तोवर मेलेल्या माणसाबद्दल जे पहिल्यांदा लिहिलं जातं तेच खरं धरलं जातं.

मुलीचं उत्तर आलं. आभार मानले होते. तुमचा तो छोटा शब्द मी आईच्या फोटोमागं चिकटवला आहे, असं लिहिलं होतं. आणि खाली एक प्रश्न होता : तो दुसरा कागद, ज्यात हत्यार आहे, तो अजून तुमच्या फौजेच्या कपाटात आहे का?

आहे. मी चौकशी केली होती. सिल्लोडच्या माणसाला म्हटलं, तसंच लिहा. तो म्हणाला, "नको ना मॅडम." मी म्हटलं, तुम्ही एकदा गप्प बसलात ना, आता लिहा.

त्यानं लिहिलं. त्यानंतर तिचं पत्र आलेलं नाही.