पाटावरची मेथीची पायरी

नाशकातल्या पाटाकडे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत, कचरा टाकायला गेलात ते सोडून? साळूबाई रोज पाहतात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या इथल्या दगडी पायरीवर मेथीच्या जुड्या धुवायच्या, आणि शेजारणींशी गप्पा मारता मारता बाजाराला उशीर व्हायचा. यंदा वस्तीने मिळून पाट साफ केला, बाकं मांडली. कडेने जाळी लागणार होती, त्यात पायरी बंद होणार होती. साळूबाई पायरीवर ठाण मांडून बसल्या.

"मावशी, उठा. पडाल पाण्यात," जाळी लावायला आलेला शेजारचा सोमनाथ म्हणाला.

"तुझी आई जन्मभर इथंच बसली. ती पडली का रे?"

सोमनाथने पायरीपाशी जाळीत फाटक ठेवलं. आता संध्याकाळी बायका तिथे मेथी निवडतात. तुमचीही जुडी घेऊन या, फक्त रिकामी पिशवी पाण्यात टाकू नका.